पाण्याचा दिवस

कोपनहेगनला मी एकटी जाऊन आले हे कळल्यावर सोलापुरात लोकांना वाटतं, बाई फार धीट आहे. खरं तर आम्ही तिघं जाणार होतो. एकेक जण गळत गेला आणि शेवटी मी उरले.

पहिले गळाले ते आमचे हे. तेही सोलापुरातच, व्हिसाचा फॉर्म टेबलावर पसरलेला असताना. आमची मुलगी जर्मनीत हॅम्बुर्गला नोकरी करते. तिच्याकडं दीड महिना राहायचं आणि त्यातले तीन दिवस तिघांनी मिळून कोपनहेगन बघायचं, असा बेत होता. यांनी फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"आपण दोघंबी गेलो तर पाणी कोण भरणार?"

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं, कधी पहाटे, कधी भर दुपारी. हे तीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर माइकसमोर बसून बार्शी किती वाजता आणि मोहोळ कुठल्या फलाटावर हे सांगण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाले, गाड्या हातातून गेल्या, तेव्हा त्यांनी घरातलं पाणी ताब्यात घेतलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसाला लाल गोल असतो, शेजारी पाणी आल्याची वेळ आणि पुढं शेरा: प्रेशर बरं, प्रेशर कमी.

"शेजारच्या वहिनींकडं किल्ली देऊ की," मी म्हटलं.

"त्या टाकी वाहून जाईपर्यंत बघत बसतेत," हे म्हणाले. विषय संपला.

दुसरी गळाली मुलगी. मी हॅम्बुर्गला पोचून तीन आठवडे झाले होते. शुक्रवारी सकाळी निघायचं आणि गुरुवारी संध्याकाळी ती ऑफिसमधून आली ती तोंड पाडूनच. कसलीतरी नवी सिस्टीम सुरू करायची होती, ती सुरू होत नव्हती आणि शनिवार-रविवार सगळ्यांना थांबायला सांगितलं होतं. "आई, सॉरी. रद्द करते सगळं," ती म्हणाली.

"मी जाते," मी म्हटलं.

हे माझ्याच तोंडून निघालं, यावर माझाही दोन मिनिटं विश्वास बसला नाही. साठ वर्षांच्या आयुष्यात मी एकटीनं केलेला सगळ्यांत लांबचा प्रवास म्हणजे सोलापूर ते पुणे, आणि त्यातही पुण्याच्या स्टँडवर भाऊ न्यायला आलेला. पण मी शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. पाच-सहा पिढ्यांना मी फळ्यावर युरोपचा नकाशा काढून दाखवला, बाल्टिक समुद्राला निळा खडू फासला आणि डेन्मार्क म्हटलं की दूध, लोणी आणि सहकार असं घोकून घेतलं. आता ते सगळं पाच तासांच्या रेल्वेवर आलं असताना मी हॅम्बुर्गात बसून फ्लॅटच्या खिडक्या पुसायच्या?

मुलीनं मला रात्रभर शिकवलं असतं, पण मीच नऊ वाजता झोपले. सकाळी तिनं स्टेशनवर पुन्हा उजळणी घेतली. सायकलच्या रस्त्यावर उभं राहायचं नाही. हिरवा दिवा लागल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. फोनचं लोकेशन चालू ठेवायचं, म्हणजे तू कुठं आहेस हे मला ऑफिसात बसून नकाशावर दिसेल. शिवाय माझ्या बॅगेत तिनं काळे थर्मल कोंबले, पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंत.

"अगं, जुलै आहे," मी म्हटलं.

"तिथं पाण्याकाठी वारा असतो."

ज्या पोरीला मी सातवीपर्यंत स्वेटर घाल म्हणून ओरडत होते, ती मला सांगत होती. मी बॅगेची चेन लावली. गाडी सुटली.

दुपारी पोचले. हॉटेल बंदराच्या जवळ होतं. खोली एवढीशी की बॅग उघडायची तर आपण पलंगावर चढायचं. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, प्यायचं पाणी कुठं मिळेल? तिनं माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं आणि म्हणाली, "नळाला." मी खोलीत जाऊन नळ सोडला. धो धो आलं. बंद केला. पुन्हा सोडला. पुन्हा आलं. सवयीनं मी ग्लास, बाटली आणि चहाची किटली भरून ठेवली.

मग बाहेर पडले. त्या गावात समुद्र असा एका बाजूला, किनाऱ्यावर वगैरे नाही. तो गल्लीत येतो. रस्ता संपला असं वाटावं तर पुढं पाणी, पाण्यावर पूल, पुलापलीकडं पुन्हा घरं आणि घरांच्या दारात आपल्याकडं दुचाकी लावतात तशा बोटी बांधलेल्या. रंगीत घरांच्या रांगेसमोर माणसं काठावर पाय सोडून उन्हात बसली होती. नुसती बसली नव्हती. चेहरे वर करून, डोळे मिटून, कुरडया वाळत घातल्यासारखी पसरली होती. उन्हात माणूस हौसेनं बसतो हे सोलापूरच्या बाईला पटायला वेळ लागतो. आम्ही मार्चपासून उन्हाकडं पाठ करून चालतो. मी एका भिंतीची सावली शोधली आणि तिथं उभी राहिले. सगळ्या बंदरात सावलीत उभी असलेली मी एकटीच.

सायकलींबद्दल मुलीनं सांगितलं होतं ते खरं होतं. आपल्याकडं समोरून ट्रक आला तरी माणूस हात दाखवून पुढं जातो. तिथं एक सुटाबुटातले गृहस्थ सायकलवरून आले आणि त्यांनी एवढ्या सभ्यपणे घंटी वाजवली की मी दोन पावलं मागं सरून चक्क "सॉरी हं" म्हणाले. मग हिरव्या दिव्याची वाट बघत बसले. रस्त्यावर एक वाहन नाही, दोन्ही बाजूंनी चिटपाखरू नाही आणि आम्ही आठ माणसं लाल दिव्याकडं बघत उभी. हे बघायला आमचे हे हवे होते, असं वाटलं. वेळापत्रक पाळणारी एवढी माणसं त्यांना जन्मात भेटली नसती.

गाय मात्र एकही दिसली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढंही नाही. तीस वर्षं जे शिकवलं त्याचा पुरावा म्हणून मी दुकानातून लोण्याची एक वडी तेवढी घेतली.

सहा वाजता यांचा फोन आला. सोलापुरात तेव्हा साडेनऊ वाजलेले, म्हणजे यांची झोपायची वेळ.

"पोचलीस का?"

"पोचले. पाणी आलं का?"

"उद्या हाय. तितलं पाणी कसलं हाय?"

"नळाचंच पितात. चोवीस तास येतं."

 यांनी हळूच विचारलं, "प्रेशर?"

"चांगलं आहे."

"दुसऱ्या मजल्यावर?"

"चौथ्या मजल्यावर आहे मी."

 "जप," म्हणाले आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी मी पाण्याच्या काठाकाठानं चालत निघाले. एक पूल ओलांडल्यावर हिरवळ लागली आणि हिरवळीच्या कडेला, बंदराच्या पाण्यातच, लाकडी फळ्यांचा मोठा तरंगता चौथरा बांधलेला दिसला. चौथऱ्यात मधे मधे चौकोन मोकळे सोडलेले आणि त्या चौकोनांत माणसं पोहत होती. लहान पोरांचा उथळ चौकोन वेगळा, मोठ्यांचा खोल वेगळा आणि एका बाजूला उड्या मारायला मनोरा. कुणी तिकीट विचारत नव्हतं. मी बघत बघत आत शिरले आणि एका बाकावर जाऊन बसले.

आधी मी मान खाली घालून बसले होते. अंगावर तोकडे कपडे घातलेल्या एवढ्या बायका मी एका वेळी कधी बघितल्या नव्हत्या. मग थोड्या वेळानं मान वर केली, कारण लक्षात आलं की माझ्याकडं कुणीच बघत नाहीये आणि मीच एकटी लाजतेय. तरण्या पोरी होत्या, पण त्यांच्यापेक्षा जास्त माझ्याच वयाच्या होत्या. सुटलेली पोटं, ऑपरेशनचे व्रण, नसा फुगलेल्या पोटऱ्या. आमच्या शाळेच्या स्टाफरूममधल्या सगळ्या बाई जणू आंघोळीला आल्या होत्या. शिडीवरून एकेक पायरी उतरायच्या, गार पाण्यानं एकदा "हूऽ" करायच्या आणि मग म्हशीसारख्या निवांत तरंगायच्या.

माझ्या शेजारी एक आजीबाई येऊन टेकल्या. ऐंशीच्या असाव्यात. हातात काठी, डोक्यावर रबरी टोपी, अंगावर निळा पोहण्याचा पोशाख. नुकत्याच पाण्यातून आलेल्या. त्यांनी टॉवेल घेतला आणि मी जे केलं ते कुठल्याही सोलापूरकरानं केलं असतं. हात पुढं करून टॉवेलची कड उलटली आणि लेबल बघितलं. दुसऱ्याच देशाचं निघालं.

आजीबाईंनी माझ्याकडं बघितलं. माझ्या इंग्रजीत मी सांगितलं की आमचं गाव टॉवेलचं आहे, म्हणून हात गेला. पुरावा म्हणून पिशवीतला माझा टॉवेल दाखवला. त्यांनी तो दोन बोटांत धरून चोळला, गालाला लावला आणि म्हणाल्या, "माझ्यापेक्षा चांगला आहे." मग विचारलं, "तो कोरडा का?"

"मी पोहायला नाही आले. बघायला आलेय."

"पोहता येत नाही?"

"येत होतं," मी म्हटलं.

त्यांना ऐकू कमी येत होतं. त्यांनी कान पुढं केला. मी मोठ्यानं म्हटलं, "येत होतं. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी."

हे मोठ्यानं बोलल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. माझं आजोळ मंद्रूपचं. मामाच्या रानात विहीर होती, चांगली पुरुषभर खोल, एका बाजूनं दगडी पायऱ्या. मे महिन्यात आम्ही सगळी मामे-मावस भावंडं तिथंच पडलेली असायचो. मामानं माझ्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला पाण्यात सोडलं होतं. आठवड्यानं डबा सुटला. त्याच्या पुढच्या वर्षी मी काठावरून उडी मारायला लागले, गुडघे पोटाशी घेऊन, ज्याला आम्ही मुटका म्हणायचो. मामा घरात कानडीच बोलायचा. काठावर उभा राहून ओरडायचा, "जिगी, जिगी!" म्हणजे मार उडी. सगळ्यांत मोठं पाणी माझ्या मुटक्यानं उडायचं, हे भाऊसुद्धा कबूल करायचे.

तेरावं लागलं त्या उन्हाळ्यात आई म्हणाली, "आता पुरे." मी का म्हणून विचारलं नाही आणि तिनं सांगितलंही नाही. भाऊ विहिरीवर गेले, मी शेवया वळायला बसले. एवढंच झालं. रडले वगैरे नाही. पुढं शाळा, डी.एड., लग्न, नोकरी, आणि सोलापुरात तर बादलीपेक्षा मोठं पाणी कधी अंगावर घ्यायची वेळच आली नाही. पोहणं विसरले असं नव्हे, त्याचा विषयच कधी निघाला नाही.

यातलं सगळं मला आजीबाईंना सांगता आलं नाही. इंग्रजी तेवढं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "विहिरीत. लहान असताना."

आजीबाईंनी काठीनं समोरचा चौकोन दाखवला. "पाणी तेव्हापासून बदललेलं नाही," त्या म्हणाल्या.

"माझ्याकडं कपडे नाहीत."

"काय आहे पिशवीत?"

पिशवीत थर्मल होते. मुलीच्या धाकानं मी ते बरोबर घेऊनच निघाले होते. मी ते बाहेर काढले. आजीबाईंनी लाइफगार्डला हाक मारली. ती पंचविशीची, लाल टी-शर्टातली मुलगी आली, तिनं थर्मल ताणून बघितले आणि म्हणाली, चालतील, अंगाला घट्ट आहेत, सुती असते तर जड झाले असते. मग तिनं मला विचारलं, खरंच पोहता येतं ना? मी हो म्हटलं. ते हो मी कुठल्या भरवशावर म्हटलं, अजून कळत नाही.

कपडे बदलायच्या खोलीतून मी बाहेर आले तेव्हा नखशिखांत काळी होते. बुजगावण्याची सावली चालत यावी तशी. पिशवी आणि फोन आजीबाईंच्या शेजारी ठेवला. फोनचा आवाज बंदच होता; तीस वर्षं वर्गावर जायची सवय. आजीबाईंनी मान हलवून 'जा' म्हटलं.

मी शिडीनंच उतरणार होते. शिडीपर्यंत गेलेही. पण शिडीवर एक गृहस्थ पाय बुडवून उभे होते, ते काही आत जाईनात आणि बाहेरही येईनात. मी त्यांच्यामागं उभी राहिले. काळ्या घट्ट कपड्यांत, गुडघेदुखीचा पट्टा बांधून, चारचौघांत उभं राहणं फार वेळ जमण्यासारखं नव्हतं. मी दोन पावलं बाजूला सरले, नाक दाबलं आणि उडी मारली.

गुडघे आपोआप पोटाशी आले. वजन मात्र तेरा वर्षांच्या पोरीचं नव्हतं.

पाण्याचा आवाज मला आत गेल्यावरही ऐकू आला. गारठ्यानं छातीत श्वास अडकला. खाली, अजून खाली, हिरवा अंधार आणि मग एक क्षण नुसती भीती: आई गं, आता वर कोण काढणार? तेवढ्यात पाय हलले. मी हलवले असं म्हणवत नाही. ते हलले. डोकं वर आलं, तोंडात पाणी गेलं आणि पहिला विचार आला तो भूगोलाचा. बाल्टिकजवळच्या पाण्याची क्षारता कमी असते. किती वर्षं शिकवलं होतं! कमीच होती. आमटीत मीठ टाकायचं अर्धं विसरावं, एवढी.

वर बघितलं तर काठावर उन्हात पसरलेली चार-पाच माणसं उठून बसली होती आणि अंग पुसत होती. शिडीवरचे ते गृहस्थ डोक्यापासून भिजले होते. "सॉरी," मी पाण्यातून म्हटलं. ते म्हणाले, "थँक यू," आणि एकदाचे आत उतरले.

मग मी पोहले. विहिरीतलं पोहणं, मान वर काढून, कुत्र्यासारखं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले, कडेला धरून दम खाल्ला, परत आले. उताणी झाले. कानात पाणी शिरलं आणि सगळं गाव गप्प झालं. वर नुसतं आभाळ. किती वेळ पडले होते कोण जाणे. पायाला पेटके यायला लागले तेव्हा बाहेर आले.

मी पाण्यात होते तेवढ्यात इकडं काय झालं ते नंतर कळलं.

मुलीनं ऑफिसात बसून सहज नकाशा उघडला होता. नकाशावर माझा ठिपका निळ्या भागात, बंदराच्या पाण्यात होता. तरंगत्या चौथऱ्यावरच्या बाकाला तिचा नकाशा काय करणार? तिनं फोन केला. मी उचलला नाही. पुन्हा केला. पाच वेळा केला. सहाव्या वेळी, फोन सारखा थरथरतोय हे बघून आजीबाईंनी उचलला.

"माझी आई कुठं आहे?" मुलीनं विचारलं.

"ती पाण्यात आहे," आजीबाई म्हणाल्या. शंभर टक्के खरं सांगितलं बिचारीनं. पुढचं काही त्यांना ऐकू आलं नाही. फोन ठेवायचा म्हणून त्यांनी लाल बटण दाबलं.

मुलीनं रडत सोलापूरला फोन लावला. "पप्पा, आई पाण्यात आहे!"

हे तेव्हा गच्चीवर टाकीपाशी उभे होते. "आज पाण्याचा दिवस हितला हाय," हे म्हणाले. "तिला काय करायचंय?"

त्यानंतर बापलेकीत काय बोलणं झालं ते दोघंही नीट सांगत नाहीत. एवढंच कळलं की हे जिन्यावरून चपला न घालता खाली आले आणि मोटर चालूच राहिली.

मी टॉवेल गुंडाळून बाकावर टेकले तेव्हा फोन पुन्हा थरथरला. व्हिडिओ कॉल. एका चौकोनात मुलगी, डोळे लाल. दुसऱ्या चौकोनात यांचं कपाळ.

"आई! तू कुठंयस? तू पडलीस का?"

"पडले नाही. उडी मारली."



"उडी?" यांचं कपाळ म्हणालं.

"पोहत होते. छान आहे इथं. ह्या आजीबाई बघ." मी फोन फिरवला. आजीबाईंनी हात हलवला.

"आई, तुला पोहता येतं?" मुलगी म्हणाली.

"येतं की."

"आणि हे अंगात काय घातलंयस? ते माझे थर्मल आहेत का?"

"तूच म्हणालीस ना, पाण्याकाठी घाल."

ती रडता रडता हसायला लागली आणि मग चिडली आणि मग तिला कुणीतरी मीटिंगला बोलावलं. तिचा चौकोन गेला. यांचा राहिला. फोन त्यांनी जरा लांब धरला तेव्हा पूर्ण चेहरा दिसला. घामाघूम झालेले.

"लागलं-बिगलं न्हाय ना?"

"नाही हो."

"बरं," हे म्हणाले. मग माझ्या ओल्या केसांकडं बघत राहिले. मागं कुठंतरी पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"टाकी वाहतेय," मी म्हटलं.

"वाहू दे," हे म्हणाले.

आमच्या घरात हे वाक्य याआधी कुणी उच्चारलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला, साधा, आवाजाचा. मी खोलीत लोणी आणि तिथला काळा पाव खात बसले होते. आधी इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाले, "चौतीस वर्षं झाली लग्नाला. तुला पवता येतं हे कधी बोलली न्हाईस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"असलं कोण विचारतं का? मुलगी बघायला आलो तवा काय विचारायचं, पवता येतं का म्हणून?"

"स्वयंपाक येतो का ते विचारलं होतं."

"ते आईनं विचारलं होतं."

मी त्यांना मंद्रूपची विहीर सांगितली, डबा, मामा, मुटका, सगळं. ते ऐकत होते. मधे एकदाच म्हणाले, "व्हय?" शेवटी म्हणाले, "मला येत न्हाय."

"माहीत आहे."

"कसं काय?"

"नदीवर गेलो की तुम्ही वरच्या पायरीवरूनच तांब्यानं पाणी घेता. मुलीला पाण्यात न्यायचं तर म्हणायचात, पाणी गढूळ आहे. एकदा तळ दिसत होता तेव्हाही म्हणालात."

 मला वाटलं, आता रागावतील. मग म्हणाले, "एवढं माहीत होतं तर बोलायचंस की."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता वाटत न्हाय व्हय?" हे म्हणाले, पण हसत होते. मग एकदम हळू आवाजात विचारलं, "आत गेल्यावर, पार खाली गेल्यावर, कसं वाटतं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. नीट सांगता आलं नाही.

रविवारी सकाळी मी पुन्हा तिथं गेले. थर्मल अजून ओलसर होते, तसेच चढवले. आजीबाई पाण्यातच होत्या. मी शिडीनं उतरणार हे त्यांना सांगितलं तर त्यांनी जोरजोरात मान हलवली, काठावरच्या माणसांना हातानं मागं सरकायला लावलं आणि माझ्यासाठी जागा केली. लाइफगार्डनंही शिट्टी तोंडात धरली नाही. उडी मारली. कालच्यापेक्षा पाणी कमी उडालं असं मला वाटलं; आजीबाई म्हणाल्या, नाही, तेवढंच.

निघताना मी त्यांना माझा टॉवेल दिला. त्यांनी आढेवेढे न घेता घेतला, कड उलटून लेबल वाचलं आणि पिशवीत ठेवला. आम्ही एकमेकींचं नाव विचारलं नाही. दुपारच्या गाडीनं मी हॅम्बुर्गला परतले. मुलगी फलाटावर उभी होती. आधी घट्ट मिठी मारली, मग स्टेशनातून बाहेर पडेपर्यंत रागावत होती.

सोलापुरात परतले तेव्हा माझ्या आधीच गोष्ट पोचली होती. हे रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसतात, तिथं त्यांनी ती सांगितली होती आणि दर संध्याकाळी पाणी वाढत गेलं होतं. शेजारच्या वहिनींनी मला थांबवून विचारलं, "खरंच का हो, बोटीवरनं उडी मारली?" मी यांच्याकडं बघितलं. हे रस्त्याकडं बघत होते.

मग मी पोहण्याच्या तलावावर नाव घातलं. बायकांची बॅच दुपारी असते. तिथल्या शिकवणाऱ्या ताईंनी माझी चाचणी घेतली. मान पाण्यात घालत नाही, पाय सरळ ठेवत नाही, अशा चुका काढल्या, पण पास केलं. आता आठवड्यातून तीन दिवस जाते. बॅचमध्ये सात-आठ शाळकरी पोरी आहेत, त्यातल्या दोघींच्या आयांना मी भूगोल शिकवला होता, त्यामुळं त्या पोरी मला पाण्यातही "बाई, जाऊ का?" असं विचारून पुढं जातात.

हे पहिले सहा महिने मला सोडायला येऊन बाहेर गाडीवरच बसून राहायचे. या एप्रिलमध्ये त्यांनी कुणालाही न सांगता पुरुषांच्या सकाळच्या बॅचला नाव घातलं. मला कळलं ते दोरीवर वाळत घातलेली चड्डी बघून. मी चहा जरा लवकर ठेवायला लागले, एवढंच. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात कठड्याला धरून तासभर उभे राहिले आणि घरी येऊन तीन भाकरी खाऊन झोपले. दुसऱ्या आठवड्यात कठडा एका हातानं धरायला लागले. मान काही अजून पाण्यात गेलेली नाही.

काल विचारलं, "काय अडतंय?"

"पाणी लई गार हाय," हे म्हणाले.

मे महिना, सकाळचे नऊ वाजलेले आणि दारातलं डांबर चपलेला चिकटत होतं.